मोरपंखी आणि उंदीरमारी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागे रायगड जिल्ह्यात रसायनीला गेलो होतो. पाताळगंगेच्या काठचा, कारखान्यांचा आणि फार्महाऊसांचा मुलूख. एका फाटकाशी कातरून सरळ केलेली मोरपंखीची रांग होती. पलीकडे भातखाचराच्या बांधावर उंदीरमारी, म्हणजे गिरीपुष्प. पानं झडलेली, फांद्यांवर नुसती गुलाबी फुलं.

मोरपंखी ही देवदार-चीडाची भाऊबंद. तिला फूल नाही. बी शंकूच्या खवल्यात उघडंच बसतं, पराग वारा नेतो. ही झाडं बहुतेक थंड मुलखातली. पान चिवट, राळेचं. खाली पडलं तरी लवकर कुजत नाही.

उंदीरमारी मूळची मध्य अमेरिकेची, पण नातं आपल्या तूर-हरभऱ्याशी. मुळांवर गाठी, गाठींत जिवाणू, ते हवेतला नत्र धरतात. पाला कोवळा, लवकर कुजणारा.

मात्र झाड नुसतं दिसण्यावरून ओळखू नका. अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू चीडासारखा दिसतो, पण तो फुलझाडांतला, आणि त्याच्याही मुळांवर नत्राच्या गाठी असतात.

आता हिशेब करू. उंदीरमारीच्या 100 किलो वाळल्या पाल्यात अडीच-तीन किलो नत्र असतो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 21 किलो. म्हणजे एका पोत्याला सात-आठ क्विंटल वाळला पाला, आणि त्यातलाही सगळा नत्र पहिल्या साली पिकाला मिळत नाही. तेव्हा ‘चार फांद्या रोवा आणि युरिया विसरा’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. पण पाला कुजून माती भुसभुशीत होते, ओल धरते. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू रानात पावसानं दडी मारली की तीच ओल कामी येते. युरियाच्या दाण्याला ते जमत नाही.

कोकणात पावसाच्या तोंडी फांदी रोवली की जगते. आपल्याकडे बियांचं रोप बरं, त्याचं मूळ खोल जातं. पिकावर सावली पडण्याआधी छाटा आणि पाला सरीत टाका. शेळ्या तो खातात, घोड्याला मात्र घालू नका.

मोरपंखी दारात शोभेला खुशाल लावा. बांधाची जागा मात्र मातीला काही परत देणाऱ्या झाडासाठी ठेवा. येत्या पावसाळ्यात एका बांधावर करून पाहा, आणि शेजारचा बांध तसाच ठेवा. दोन-तीन वर्षांनी दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघा.