मातेची धाव

नाशिक जिल्ह्याला धावणाऱ्या मुली नव्या नाहीत. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. परंतु शाळेत धावणाऱ्या किती मुली मातृत्वानंतर मैदानावर परततात, हा प्रश्न पिंपळगाव बसवंतसारख्या गावांनी स्वतःस विचारावयास हवा.

परतणे अशक्य नाही. पी. टी. उषा १९९२ मध्ये माता झाल्या. १९९८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, फुकुओका येथील आशियाई मैदानी स्पर्धेत त्यांनी २०० व ४०० मीटरची कांस्यपदके पटकाविली.

मात्र घाई नको. सव्वा महिन्याच्या विश्रांतीनंतर चालणे वाढवावे, ओटीपोटाचे व ओटीपोटाखालील स्नायू बळकट करावेत. धावणे साधारणतः तीन महिन्यांनंतर, वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावे. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असल्यास अधिक सबुरी हवी. बेताच्या व्यायामाने दूध आटते, ही भीती निराधार आहे.

उत्साह एकटीच्या निश्चयावर टिकत नाही. घरच्यांनी अर्धा तास बाळ सांभाळावे, शाळेने पहाटे मैदान खुले ठेवावे, पंचायतीने तेथे दिव्याची सोय करावी. यास मोठा खर्च नाही. हवी ती केवळ आस्था.