यंदा नवीन काय आलं?

(रेडिओवरील भाषण)



जानेवारी सरत आला की पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी इथल्या मोबाइलच्या दुकानांत एक प्रश्न सुरू होतो. "भाऊ, यंदा नवीन काय आलं?" विचारणाऱ्याला नवा मोबाइल नको असतो, नवी गाणी हवी असतात. १५ फेब्रुवारीला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मग होळी, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. आपल्या भागातली बरीचशी नवी गाणी या अडीच महिन्यांसाठीच तयार होतात. डिसेंबरात बसून वर्षातल्या उत्तम दहा गाण्यांची यादी करणारे लोक असतात. त्यांनी एकदा इकडे यावं. आमच्या यादीचं कामकाज एप्रिलच्या मध्यालाच आटोपलेलं असतं.

जगाचा रिवाज वेगळा आहे. १० जुलै २०१५ पासून बहुतेक देशांत नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध होतात. त्याआधी अमेरिकेत ते मंगळवारी यायचे, ब्रिटनमध्ये सोमवारी. इंटरनेटमुळे एका देशातलं गाणं दुसऱ्या देशात आधीच फुकट पोचायला लागलं, तेव्हा कंपन्यांनी सगळ्यांसाठी एकच वार ठरवून टाकला. आपल्याकडे वाराला कोणी विचारत नाही. जयंतीची तारीख पक्की असते आणि गाणं तिच्या आठ-पंधरा दिवस आधी हाती पडावं लागतं, कारण ते नुसतं ऐकून ठेवायचं नसतं. धृपद मिरवणुकीत सगळ्यांना म्हणता आलं पाहिजे. पोरींना त्यावर नाच बसवायचा असतो, बँडवाल्याला चाल उचलायची असते. १६ फेब्रुवारीला आलेलं सेवालाल महाराजांचं गाणं म्हणजे वरात गेल्यावर पोचलेला बँड.

शुक्रवारचा विषय निघालाच आहे आणि मी बोलतोय रेडिओवर, तेव्हा थोडं आडवळण घेतो. १ एप्रिल १९५५. रामनवमी होती आणि वारही शुक्रवारच होता. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणातलं पहिलं गीत ऐकवलं गेलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडके ऊर्फ बाबूजींची. त्यानंतर दर आठवड्याला एक नवं गीत. मध्ये अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली आणि एकूण गीतं झाली ५६. रामायणाची गोष्ट घरोघरी पाठ होती. पण पुढच्या आठवड्यात कुठला प्रसंग येईल, गदिमा तो कुणाच्या तोंडी घालतील आणि बाबूजी त्याला कोणता राग लावतील, हे आधी कुणालाच ठाऊक नसायचं. एकाच कामातली छप्पन गाणी वर्षभर, एकेक करून ऐकण्याची ती चैन आता कुणाला परवडेल? हेच गदिमा १९७३ साली आपल्या यवतमाळात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही जाता जाता सांगून टाकतो. यवतमाळकराला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मूळ मुद्द्याकडे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं, आणि ते कुणाचं घ्यायचं हे मोठ्या शहरातली कंपनी ठरवायची. बंजारा तांड्यावरच्या भजनाची किंवा वस्तीतल्या भीमगीताची तिथे डाळ शिजणं कठीण होतं. कॅसेट आली आणि हे गणित बदललं. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली, पण आपल्या खेड्यापाड्यांत ती खऱ्या अर्थाने पोचली ऐंशीच्या दशकात. १९८३ साली टी-सिरीज सुरू झाली, कॅसेटच्या किमती उतरल्या, आणि एका भाषेपुरत्या, एका समाजापुरत्या, कधी कधी एका जत्रेपुरत्या कॅसेटसुद्धा निघू लागल्या. गायक प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घ्या. आषाढीला त्यांची विठ्ठलाची गाणी लागायची आणि एप्रिलमध्ये त्यांचीच भीमगीतं. बसस्टँडजवळच्या दुकानदाराने स्पीकर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा. एसटीची वाट पाहणारा माणूस नवी कॅसेट अर्धीअधिक तिथेच ऐकून टाकायचा. आवडली तर विकत घ्यायची, नाहीतर कुणाकडून तरी कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची. ती भरून देणारा मित्र हा त्या काळातला मोठा माणूस. त्याने आपल्या पसंतीने निवडलेली गाणी भरली की गावाची वर्षभराची आवड ठरून जायची.

भीमगीतांचं नाव निघालं की वामनदादा कर्डकांपाशी थांबावंच लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा कवी गावोगाव गात फिरला आणि २००४ साली गेला. त्यांची गाणी इतक्या गळ्यांतून गेली आहेत की गाणाऱ्यालाही कधी कधी कल्पना नसते, आपण वामनदादांचं गाणं गातोय. पण एक खूण असते. संतांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं, तसं वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. गंमत म्हणजे नेमकं तेच कडवं आज कुणी ऐकत नाही. मिरवणुकीच्या ट्रकवर धृपद आणि एक-दोन अंतरे झाले की गाणं बदलतात. फोनवरच्या रीलमध्ये तर धृपदाच्याही चारच ओळी उरतात. कवीने आपली सही जिथे केली, तेवढाच भाग कापला जातो, आणि कापणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. नवं गाणं हाती आलं की मी आधी त्याचं शेवटचं कडवं ऐकतो. ही माझी खोड समजा. लिहिणाऱ्याने तिथपर्यंत दम टिकवला असेल, तर गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसतो. पुष्कळदा शेवटच्या कडव्यापर्यंत शब्द संपलेले असतात आणि 'जयंती', 'निळाई', 'जल्लोष' या तीन-चार शब्दांची फिरवाफिरव चाललेली असते. तशी गाणी त्या एका दिवसासाठी ठीक आहेत.

चाल उसनी घेण्याबद्दल मात्र मी फारसा कडक नाही. सिनेमाच्या चालीवर जयंतीचं गाणं बसवलं की काही जाणकार नाक मुरडतात. पण जुन्या आंबेडकरी जलशांतही लोकप्रिय चालींवर पदं रचली जातच होती. ओळखीच्या चालीवर नवे शब्द लवकर पाठ होतात आणि जलशाला तेच हवं होतं. तक्रार करायचीच तर ठोक्याबद्दल करावी. हल्ली गाणं तयार होतानाच डीजेच्या भिंतीचा विचार होतो. खालचा धडधडाट इतका चढवतात की शब्द कुठे गेले ते शोधावं लागतं. म्हणून सांगतो, यंदाची गाणी पहिल्यांदा घरात ऐका, लहान आवाजात, साध्या फोनवर. तिथे जे उरतं ते गाणं.

आता बंजारा गाण्यांकडे वळतो. माझ्या मते आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती इथे आहे. परंपरेने सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानतात. जन्मस्थान कर्नाटकात सुरगोंडनकोप्प, आणि समाधी इथे, दिग्रसच्या पलीकडे वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला. म्हणजे जन्म एका राज्यात, समाधी दुसऱ्या राज्यात, आणि भक्त महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असे चारी दिशांना पसरलेले. सगळ्यांची बोली एकच, गोरबोली. मात्र तिला स्वतःची लिपी नाही. आपल्या पुसदचा बंजारा कवी गोरबोली देवनागरीत लिहितो, आदिलाबादचा तेलुगू लिपीत, विजयपूरचा कन्नड लिपीत. एकाचं छापील पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नाही. गाणं मात्र तिघांनाही कळतं. तेलंगणात निघालेलं बंजारा गाणं आठवड्याच्या आत उमरखेडच्या तांड्यावर वाजतं, आणि इकडचं भजन तिकडच्या भोग-अरदासच्या पूजेला म्हटलं जातं. लिपीने तोडलेली माणसं एका रेकॉर्डिंगवर भेटतात. पूर्वी हे काम पोहरादेवीची यात्रा करायची. वेगवेगळ्या राज्यांतले लोक रामनवमीला तिथे जमायचे आणि एकमेकांची गाणी घेऊन घरी परतायचे. यात्रा आजही भरते. फक्त गाणी आता माणसांच्या आधी तिथे पोचलेली असतात.

हे सारं वाटण्याचं काम करणारा नवा माणूस म्हणजे आपला मोबाइल दुकानदार. मधल्या काळात त्याच्या दुकानावर पाटी असायची, 'येथे मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. कायद्याच्या नजरेने ते काम बरोबर नव्हतं आणि गाण्यामागे राबलेल्या कलावंताला त्यातून दमडीही मिळत नव्हती, हे सांगायलाच हवं. पण त्या दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखता यायचं. कुठल्या तांड्याचा पोरगा आहे, गेल्या वर्षी काय घेऊन गेला, हे ध्यानात ठेवून तो म्हणायचा, "हे ऐकून पाय बाप्पा, तुले आवडन." आता यूट्यूबही पुढचं गाणं सुचवतं. मात्र ते का सुचवलं, हे सांगत नाही. आणि व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला ना नाव असतं ना गाव. एकच गाणं पाच ग्रुपांवरून येतं. गाणारी कोण, लिहिणारा कोण, पेटी कुणी धरली, नगारा आणि थाळी कुणी वाजवली, काही कळत नाही.

फोनने उपकारही केलेत, हे नाकारून चालणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गायच्या. ना स्टुडिओ, ना कंपनी. कुणीतरी फोनवर चित्रण केलं, लोकांनी ते पुढे पाठवलं आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. तबकडीच्या जमान्यात त्यांना कुठल्या कंपनीने दारात उभं केलं असतं? त्या चित्रणात लोकांना बाई दिसत होत्या, एकतारी दिसत होती आणि शब्द स्पष्ट ऐकू येत होते. म्हणूनच ते लोकांपर्यंत पोचलं, असं मला वाटतं.

निवड कशी करावी, असं मला कधी कधी विचारतात. माझ्या निवडीवर फार विसंबू नका, कारण तुमच्यासाठी त्याहून कठोर परीक्षक बसलेले आहेत. होळीच्या आधी तांड्यावर लेंगीची गाणी सुरू होतात. डफ असतो, रिंगण असतं. एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली मंडळी होळीला परत येतात. महिनाभर फोनवर ऐकलेली नवी गाणी त्यांच्या डोक्यात असतातच. त्यातलं एखादं रिंगणात म्हणून बघतात. ठोका काढून घेतला, मागची वाद्यं काढून घेतली, तरी ते चाललं तर लोक त्यात आपल्या ओळी घालायला लागतात. कुणाच्या मेव्हण्याची टर उडते, कुणाच्या नवऱ्याची, कधी सरपंचाचीही. न चाललेलं गाणं दोन ओळींत गळून पडतं आणि कुणी त्याची विचारपूस करत नाही. फेब्रुवारीत ज्याची सगळीकडे वाहवा झाली, असं गाणं होळीच्या रिंगणात चार पावलंही न टिकल्याचं पाहायला मिळतं. उलट, भलत्याच कुणाचं आडबाजूचं भजन धरलेलं असतं.

यंदा सेवालाल जयंतीच्या निमित्ताने आलेल्या गाण्यांपैकी तुमच्या तांड्यावर, तुमच्या वस्तीवर काय टिकलं, ते आकाशवाणीला जरूर कळवा. पत्रात गाण्याच्या नावाबरोबर लिहिणाऱ्याची, गाणाऱ्याची आणि वाजवणाऱ्यांची नावंही असू द्या. माहीत नसतील तर दुकानदाराला विचारा. त्यालाही माहीत नसतील, तर शेवटचं कडवं ऐका. तिथे सापडण्याची शक्यता आहे.

नमस्कार. जय सेवालाल, जय भीम.