आधी पाणी, मग भागाकार



मेळघाटातल्या आमच्या वसतिगृहात सहावीच्या एका मुलाने गणिताची वही टराटरा फाडली. मी ओरडणारच होतो. पण तो मुठी आवळून गप्प बसला होता. जवळ बसून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली; मराठीशी तिचं नातं नाही. भागाकार त्याला येत होता, पण उदाहरणातलं मराठी कळत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. तो उद्धटपणा नव्हता, वैताग होता.

तेव्हापासून आम्ही मुलांना आधी खुणा ओळखायला शिकवतो. कान तापले, मूठ वळली, पेन्सिल जोरात दाबली जाऊ लागली, की थांबायचं. पाणी प्यायचं, अंगणात एक फेरी मारायची. मग काय अडलं ते कोरकूत सांगायचं. मोठा मुलगा मराठीत समजावतो. परत बसल्यावर एकच पायरी सोडवायची.

जीव नकोसा होऊन एलीया झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. पुढची वाट नंतर.

परवा त्याच मुलाने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "सर, वैताग आलाय. पाणी पिऊन येतो." तो परत आला. उदाहरण चुकलंच, पण वही शाबूत होती.

तुमच्या घरचं मूल वही भिरकावेल, तेव्हा आधी एवढंच विचारा : "बाळा, कुठं अडलं?"