गळती आणि मुकादमी

वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांच्या संख्येला त्या वर्षातल्या सरासरी कर्मचारीसंख्येने भागून शंभराने गुणले की कर्मचारी-गळतीचा दर मिळतो. निवृत्ती, मृत्यू, बडतर्फी आणि कपात वगळल्यावर उरते ती स्वेच्छेने झालेली गळती. व्यवस्थापनाची खरी परीक्षा तिथे होते. हा दर शंभराच्या पलीकडेही जातो, कारण एका वर्षात एकाच जागेवर तीनचार माणसे येऊन जाऊ शकतात.

अमेरिकेत डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्कमधल्या फोर्डच्या कारखान्यात 1913 साली नेमके हेच झाले. त्या वर्षीचा दर होता 370 टक्के. कारखान्यात सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास कामगार होते आणि वर्षभरात सोडून गेले पन्नास हजारांवर. त्याच वर्षी तिथे सरकत्या पट्ट्यावर मोटारीची जोडणी सुरू झाली. सांगाडा जोडायला पूर्वी बारा-साडेबारा तास लागत, ते काम हळूहळू दीड तासावर आले. कारागीर म्हणून आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र दिवसभर एकच नट पिळण्याचे काम उरले. सोडून जाणाऱ्यांतल्या बहुतेकांनी राजीनामाही दिला नाही. ते यायचेच थांबले.

5 जानेवारी 1914 रोजी फोर्डने पाच डॉलर रोजाची घोषणा केली. त्याआधी नऊ तासांना 2.34 डॉलर मिळत. आता आठ तासांना पाच. गळती 1914 मध्ये 54 टक्क्यांवर आणि 1915 मध्ये 16 टक्क्यांवर आली. ही कथा पगारवाढीचा विजय म्हणून सांगितली जाते, पण ती अर्धीच आहे. घोषणेच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर 1913 मध्ये, जॉन ली या अधिकाऱ्याने दोन बदल केले होते. कामगाराला परस्पर काढून टाकण्याचा फोरमनचा अधिकार त्याने काढून घेतला. फोरमनच्या मर्जीने ठरणारे, साठांहून अधिक वेगवेगळे वेतनदर मोडून मोजक्या आठ श्रेणी केल्या. माणूस कामाला जितका विटला होता तितकाच साहेबाच्या लहरीला, हे पगार वाढवण्यापूर्वीच तिथे कळले होते. पाच डॉलरला काळी बाजूही होती. कामगार घरी कसा राहतो हे पाहायला कंपनीची माणसे दारात येत, आणि स्त्रियांना सुरुवातीला या योजनेत स्थान नव्हते.

मुंबईच्या कापडगिरण्यांनी हाच धडा स्वतःच्या अंगावर घेतला. रत्नागिरी आणि साताऱ्याकडून आलेला माणूस गिरणीत शिरे तो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातून. भरती त्याची, बडतर्फीही त्याची, आणि नव्या माणसाकडून दस्तुरी घेणाराही तोच. जुना गेला की नवा येणार आणि नव्या दस्तुरीची सोय होणार. गळतीत ज्याचा फायदा, त्याच्याच हाती गळतीची किल्ली होती. गिरणीमालक मात्र दोष कामगाराच्या गावाच्या ओढीला देत. ओढ खरी होती. पण गावाहून परतलेल्याला पुन्हा मुकादमाचे हात ओले करावे लागत, हेही तितकेच खरे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने 1931 मध्ये भरती आणि बडतर्फीतून जॉबरला दूर ठेवावे आणि श्रम अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

संघटनांचे अभ्यासक मार्च आणि सायमन यांनी 1958 मध्ये या सगळ्याची उपयुक्त फोड केली. माणूस नोकरी सोडतो तेव्हा दोन गोष्टी जुळलेल्या असतात : सोडावीशी वाटणे आणि सोडता येणे. व्यवस्थापनाचा हात पहिलीवर चालतो. दुसरी बाजार ठरवतो. ही फोड विसरली की आकडे फसवतात. भारतीय आयटी उद्योगात जून 2022 अखेरच्या तिमाहीत इन्फोसिसचा बारा महिन्यांचा गळती-दर 28.4 टक्के होता. टीसीएसचा सप्टेंबर 2022 मध्ये 21.5 टक्के. मार्च 2024 पर्यंत दोन्हीकडे तो साडेबारा टक्क्यांच्या घरात आला. दरम्यान बाहेरची मागणी आटली होती. हिंजवडीच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या अभियंत्याचे मन या काळात वळले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्याला जायला जागा उरली नव्हती, एवढे म्हणता येते. बाजार उघडला की दबलेली गळती बाहेर पडते.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड किंवा बाँड हेही दुसऱ्या, म्हणजे सोडता येण्याच्या बाजूचेच उपाय आहेत. त्यांनी जाणे लांबते, राहण्याची इच्छा वाढत नाही. बाहेरून येणाऱ्याला त्याच कामासाठी जास्त सीटीसी देण्याची प्रथा तर जुन्या माणसाला राजीनाम्याचा रस्ता दाखवते. निष्ठेला लावलेला हा दंड आधी बंद व्हायला हवा. जे काम सांगून घेतले तेच काम देणे हा दुसरा उपाय, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पाळणाघर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत 2017 पासून कायद्यानेच बंधनकारक आहे; ते कागदावर असून चालणार नाही.

एक्झिट इंटरव्ह्यूवर मात्र फार विसंबू नये. ज्यांच्या हाती रिलीव्हिंग लेटर आहे त्यांना जाणारा माणूस खरे कारण सांगत नाही. 'चांगली संधी मिळाली' एवढेच नोंदवून जातो. साहेबाचे नाव त्या नोंदीत क्वचितच येते. प्रश्न विचारायचे ते राहिलेल्यांना, आणि तेही थेट वरिष्ठाला वगळून. आजचा टीम-लीड दस्तुरी घेत नाही, पण अप्रेझल, रजा आणि प्रकल्पाची वाटणी त्याच्या एकट्याच्या मर्जीवर असेल, तर ती मुकादमीच आहे. तिच्यावर अपील असले पाहिजे.

प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने एक तक्ता करावा : गेल्या तीन वर्षांत कोणत्या वरिष्ठाच्या हाताखालून किती माणसे गेली, आणि त्यातली पहिल्याच वर्षात किती. तो तक्ता संचालक मंडळापुढे एकूण टक्केवारीच्या आधी ठेवावा.