संताजी पडले तेव्हा

आपल्या माण तालुक्यात कारखेल नावाचं गाव आहे. तिथं सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात. दुसरी समाधी कुरुंदवाडला आहे, नदीकाठी. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगररांगेत, एका ओढ्यावर आंघोळ करत असताना संताजींवर घाला पडला. मारणारे म्हसवडचे नागोजी माने. इतकी हकीकत आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असते. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल. ही बातमी कुठं कुठं पोचली आणि ऐकणाऱ्यांनी तिचं काय केलं?

आधी मोगलांकडं बघू. संताजी त्यांच्या लेखी कोण होते? १६८९ मध्ये त्यांच्या लोकांनी खुद्द पातशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले होते. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासीमखानाची सगळी फौज कोंडली गेली आणि खान तिथंच मेला. दोनच महिन्यांनी बसवपट्टणला हिंमतखान पडला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तोच लिहितो, की संताजीसमोर जो गेला तो एक तर मेला, नाही तर जखमी झाला, नाही तर कैद झाला. कुणी सरदार त्याच्यावर चालून जायला राजी नसायचा. आजच्या बोलीत सांगायचं तर हा त्यांचा ‘मोस्ट वाँटेड’ माणूस.

त्या वेळी औरंगजेबाचा तळ होता भीमेकाठी ब्रह्मपुरीला. आपली माणगंगा म्हसवड, आटपाडी, सांगोला करत ज्या भीमेला जाऊन मिळते, तीच ही भीमा. म्हणजे बातमीला फार लांब जायचं नव्हतं. पण ती गेली कशी, ते ऐका. खाफीखान सांगतो, नागोजींनी शिर कापून तोबऱ्यात घातलं आणि घोड्याला बांधलं. वाटेत तो तोबरा पडला. मोगल सरदार फिरोजजंगाची माणसं संताजींच्या मागावर होतीच, त्यांना तो सापडला. त्यांनी ओळखलं, उचललं आणि मालकाकडं पोचतं केलं. तिथून शिर पातशहासमोर आलं. ते घेऊन येणाऱ्या ख्वाजा बाबा तुराणीला तिथल्या तिथं किताब मिळाला, खुशखबरखान. शादियाने, म्हणजे आनंदाचे नगारे, वाजले. शिर छावणीत आणि दख्खनेत ठिकठिकाणी फिरवून दाखवायचा हुकूम सुटला.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती किताबाची. ज्यांच्याशी लढायला सरदार कचरत होते, त्यांना मारलं एका मराठ्यानं, घरच्या वैरातून. नाव झालं फिरोजजंगाच्या गोटाचं, आणि खान झाला निरोप्या. नागोजींना पातशाही चाकरीत पुन्हा जागा मिळाली, एवढंच. दरबारात श्रेय कसं वाटलं जातं हे शिकायचं असेल तर हा एक प्रसंग पुरे.

आता आपल्या बाजूचं बघू, आणि हे जास्त अवघड आहे. १६९६ मध्ये छत्रपती राजाराम महाराज आणि संताजी यांच्यात बिनसलं, सेनापतिपद धनाजी जाधवांकडं गेलं. दोन मराठी फौजा एकमेकींवर चालून गेल्या. त्या लढाईत नागोजींचे मेहुणे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडले, आणि संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिलं. कारखेलच्या ओढ्यावर जे झालं त्याचं मूळ इथं आहे. संताजींना पुढं मोगलांनी हरवलंच नाही. त्यांची स्वतःची माणसं धनाजींकडं निघून गेली आणि ते मूठभर स्वारांनिशी उरले.

तेव्हापासून आजपर्यंत आपण दोष वाटत बसलोय. एक म्हणतो माने दगाबाज. दुसरा म्हणतो धनाजींना सेनापतिपद हवं होतं. तिसरा राजाराम महाराजांना हलक्या कानाचे ठरवतो. चौथा हळूच म्हणतो, संताजींची शिस्त फार कडक होती, लहानशा चुकीला हत्तीचा पाय. बोलणारा कुठल्या गावचा, कुठल्या घराण्याचा, कुणाचा सोयरा, हे आधी विचारून घ्या. पुढं तो काय बोलणार ते आपसूक कळतं. नागोजी तर स्वतः आधी मोगलांकडं होते, मग राजारामांकडं आले आणि पुन्हा मोगलांकडं गेले. एका शिक्क्यात मावणारा हा माणूस नाही.

हे जुनं राजकारण म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. जून २००६ मध्ये इराकमध्ये दहशतवादी म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी अमेरिकी हवाई हल्ल्यात मारला गेला. अमेरिकेतल्या सत्ताधाऱ्यांनी छाती फुगवली, आणि विरोधकांतल्या काहींनी हे लक्ष वळवण्यासाठी चाललंय म्हटलं. आपल्याकडं एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्रातली. २८ जुलैला श्रीनगरजवळच्या जंगलात त्यातले मारेकरी ठार झाले. लोकसभेत पहलगामवरची चर्चा त्याच दिवशी सुरू झालेली. दुसऱ्या दिवशी विरोधी बाकांवरून प्रश्न आला, नेमकं कालच कसं काय झालं? सरकारी बाकांवरून उत्तर आलं, तुम्हाला आनंद का होत नाही? निःशस्त्र पर्यटकांना मारणारे कुठं आणि फौजांशी लढणारे संताजी कुठं, त्यांना एका ओळीत बसवायचं माझ्या मनातही नाही. मी मागं उरून बोलणाऱ्यांकडं बघतोय. मेलेल्या माणसाबद्दल दोन्ही बाकं फारसं बोलतच नव्हती. हिशेब चालला होता तो समोरच्या बाकाशी.

माझं मत विचाराल तर प्रश्न विचारणं गैर नाही, आणि आनंद होणंही गैर नाही. गैर आहे ती घाई. ब्रह्मपुरीला शादियाने वाजले तेव्हा मराठ्यांचा कणा मोडला असं छावणीतल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल. अडीच वर्षांत, डिसेंबर १६९९ मध्ये, म्हातारा पातशहा स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला एप्रिलपर्यंत झुंजवला. त्याच सुमारास, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर राजाराम महाराज वारले. पुन्हा शादियाने वाजले. खाफीखान लिहितो, शिपाई एकमेकांना मुबारकी देऊ लागले, आता दोन लहान पोरं आणि एक बाई एवढंच उरलंय, त्यांना आवरायला कितीसा वेळ! आणि लगेच पुढं तोच कबूल करतो, की ही बाई, म्हणजे ताराबाई, भलतीच कर्तबगार निघाली. १७०६ मध्ये तिच्या फौजा गुजरातेत नर्मदेपाशी मोगलांना धूळ चारत होत्या, आणि त्या फौजांचे सेनापती होते धनाजी जाधव.