चार हरणे आणि एक डोके





चित्रकलेतून नवा विचार करण्याची शक्ती कशी वाढते, या विषयावर मी बोलावे असे कार्यकर्त्यांनी सुचवले. मी बँकेतला कारकून. आमच्याकडे आकड्यांत कोणी कल्पकता दाखवली तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागते! पण दोन वर्षांपासून आपल्या मुलांचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग घेतो आहे. त्या अनुभवावरच दोन शब्द बोलतो.

शाळेत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा दिली. तिच्यात स्मरणचित्राचा पेपर असे. मी दोन त्रिकोणी डोंगर काढले, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि वाकलेले नारळाचे झाड. धावड्यात नारळाची बाग कोणी पाहिली आहे का? ते स्मरण माझे नव्हतेच, गाईडमधल्या चित्राचे होते. आपल्या शिवारातली मिरचीची तोडणी, खळे, एस.टी.ची वाट पाहणारी माणसे यांपैकी काहीही माझ्या कागदावर कधी आले नाही. मी पास झालो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे पुढे कित्येक वर्षे तेच चित्र काढत राहिलो.

अजिंठ्याची डोंगररांग आपल्या शेजारी आहे. सहलीला आपण सगळेच लेणी पाहून आलो आहोत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील एका खांबावर चार हरणे कोरलेली आहेत. धडे चार, पण डोके एकच! तीन धडे हाताने झाकली तर उरलेले हरीण पूर्ण दिसते. हात सरकवला की तेच डोके दुसऱ्या हरणाचे होते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने हरणे किती वेळा न्याहाळली असतील! हरीण बसते कसे, उभे कसे राहते, मान कुठपर्यंत वळते, हे ठाऊक असल्याशिवाय हा खेळ जमणार नाही. कल्पना आभाळातून पडत नाही, ती आधी डोळ्यांतून आत जावी लागते.

नक्कल करणे वाईटच, असे माझे म्हणणे नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि चित्रांच्या प्रती करवून घेत. पेस्तनजी बमनजी त्यांतलेच. हे काम 1885 पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा तिथल्या आगीत जळाल्या. पण ती मुले भिंतीसमोर बसून, एकेक रेषा पाहून शिकली. ते शिक्षण कसे जळेल? गाईडवरून झोपडी उतरवणे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वर्गात मी मुलांना प्रथम बैल काढायला सांगितला. सगळ्यांनी घाईने काढला. मग त्यांना गोठ्यावर नेले. मागच्या पायाचा सांधा पुढच्यासारखा वाकत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांनाही तेव्हाच कळले. कागद फाडून सगळे पुन्हा बसले. त्यानंतर मी हरणांचा फोटो दाखवला आणि चार जनावरे व एक डोके, असे तुमच्या मनाने काढा म्हटले.

बहुतेकांनी चार बैल काढले. एका मुलीने चार शेळ्या काढल्या. मध्ये बादली, चौघींची तोंडे बादलीत. डोके एकही दिसत नव्हते. मी लाल पेनने लिहिले, "चूक. डोके कुठे?"

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एका रात्री वही माझ्या हाती लागली, तेव्हा माझ्या लक्षात आले. चार धडे एका जागी आणून मिळवायची, एवढाच तर प्रश्न होता. कारागिराने ती डोक्यात मिळवली, हिने बादलीत. उत्तर तिचे स्वतःचे होते, रोज दारात पाहिलेले. आणि मी खतावणीतली चूक पकडावी तशी त्यावर फुली मारली होती.

वही घेऊन तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "भाऊ, यंदा दहावीचं साल आहे. शेळ्या काढून नोकरी लागती का?"

त्यांची काळजी मला खोटी म्हणता येत नाही. आपली घरे पुस्तकामुळेच वर आली, माझेही आले. मी एवढेच म्हणालो, "तिचं बरोबर होतं, मी चूक दिली. ती दुरुस्त करायला आलोय." आणि त्यांच्यासमोर फुली खोडली. त्यांनी वही घेतली, बराच वेळ पाहिली. मग बोट ठेवून म्हणाले, "ही डावीकडची आपली लंगडी. पाय तसाच उचलून धरलाय बघा." मुलगी आतून ऐकत होती. वर्गाला पाठवतो असे ते म्हणाले नाहीत. वही मात्र त्यांनी ठेवून घेतली.

मी वर्गात लाल पेन नेणे बंद केले आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला मुलांना पाठवा. रंगपेटी विकत आणू नका. चुलीतला कोळसा, थोडा गेरू आणि घरातली एखादी वस्तू, तवा म्हणा, खुरपे म्हणा, बरोबर द्या. कागदाची काळजी नको. बँकेची जुनी कॅलेंडरे मी आणतो, त्यांची मागची बाजू कोरी असते.

जय भीम.