साधेपणा कुणाला परवडतो?



मयूर विहारच्या या खोलीत बसलेले आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. म्हणून विचारते, नेता ‘साधा’ असावा ही अपेक्षा आली कुठून?

त्याग हे आपल्याकडचं मोठं मूल्य. पण त्यागायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. बॅरिस्टर गांधींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा नेसला, तो त्याग ठरला. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला आयाबायांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. स्वतः ते सुटाबुटात वावरले. ज्यांच्यावर फाटकं लादलं होतं, त्यांच्यासाठी नीटनेटका कपडा हेच बंड होतं.

२०१० मध्ये मायावतींच्या गळ्यात नोटांचा हार पडला. २०११ मध्ये इथून जवळच, नोएडात, राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ खुलं झालं. खर्चाचा हिशोब मागणं रास्तच. पण हिशोबाआड ‘पायरी’ही दाखवली गेली.

ती मी ओळखते. फेलोशिपच्या पैशांतून ब्लेझर घेतला, तेव्हा वर्गातली एक जण म्हणाली, “मग तुला फेलोशिप कशाला?”

पण म्हणून आपल्या नेत्यांना सूट नको. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. तेव्हा नेत्याचे कपडे नको, काम बघूया. शिष्यवृत्ती वेळेवर येते का? वसतिगृहात जागा मिळते का? हे प्रश्न सगळ्यांना विचारू. आपल्या माणसाला आधी.

जय भीम.